चुकांच्या वहीतला तिसरा रकाना

मिरज हे दवाखान्यांचं गाव. इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करायला माझ्याकडे येणाऱ्यांत नर्सिंग झालेल्या मुली म्हणूनच जास्त असतात. मागच्या पावसाळ्यात त्यांच्यातली एक जण निबंध घेऊन आली. शहरातल्या वाहतुकीवर तिने बरोबर 40 मिनिटं घड्याळ लावून लिहिलं होतं. मुद्दे चांगले होते, अक्षर सुरेख होतं. मी लाल पेनाने खुणा करत गेले आणि शेवटी मोजल्या, तर 27 भरल्या. तिचा चेहरा उतरला. "मॅडम, म्हणजे मला ग्रामर परत पहिल्यापासून करावं लागणार."

मी तिला म्हटलं, "थांब, आधी या खुणा निवडून घेऊ." तांदूळ निवडावेत तशा आम्ही त्या एकेक वेगळ्या केल्या. 11 चुका 'अ', 'ॲन', 'द' या आर्टिकल्सच्या निघाल्या. 7 काळाच्या, म्हणजे टेन्सच्या. 5 प्रिपोझिशनच्या. 3 ठिकाणी शेवटचा 'एस' राहिला होता किंवा उगाच लागला होता. आणि एका वाक्याची बांधणीच मोडली होती. सत्तावीस चुकांचे ढीग मात्र पाचच झाले, आणि पहिल्या दोन ढिगांतच दोन तृतीयांश चुका मावल्या.

बहुतेक मराठी विद्यार्थ्यांचं पान निवडलं की असंच काहीसं दिसतं. व्याकरण अफाट आहे, आपल्या चुका मोजक्या आहेत आणि त्या ठरलेल्या ठिकाणी होतात. ती ठिकाणं कोणती, तिथेच का घसरायला होतं आणि सराव कसा करायचा, हे या लेखात एकेक पायरीने पाहू. उदाहरण म्हणून आयईएलटीएस ही परीक्षा घेते, कारण आपल्याकडून परदेशी शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांपैकी पुष्कळ जण तीच देतात. इतर परीक्षांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

परीक्षा व्याकरण कुठे मोजते

आयईएलटीएस 1989 मध्ये सुरू झाली. ब्रिटिश कौन्सिल, आयडीपी आणि केंब्रिज या तीन संस्था मिळून ती चालवतात. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे तिचे चार भाग, आणि गुण 0 ते 9 अशा बँडमध्ये. व्याकरणाची वेगळी प्रश्नपत्रिका नसते. त्यामुळे काहींना वाटतं की ग्रामर केलं नाही तरी चालेल. प्रत्यक्षात लिहिण्याच्या आणि बोलण्याच्या भागात चार-चार निकष असतात, चारही सारख्या वजनाचे, आणि त्यांतला एक व्याकरणाचा असतो.

हिशोब करून पाहा. निबंधाच्या तीन निकषांत एखाद्याला 7, 7, 7 मिळाले आणि व्याकरणात 5, तर सरासरी येते 6.5. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची तर वाचन, श्रवण आणि संभाषणात 7 आणि लेखनात 6.5 लागतात. म्हणजे वरच्या उदाहरणात लेखनाची अट जेमतेम गाठली; दुसरा एखादा निकष थोडा घसरला असता तर अर्ध्या बँडवर नोकरी अडली असती, आणि तो अर्धा बँड व्याकरणाच्या रकान्यात पडलेला असता.

परीक्षक व्याकरणात दोन गोष्टी बघतात. पहिली म्हणजे रचनांची विविधता, म्हणजे तुम्ही साध्या वाक्यांसोबत जोडवाक्यं, मिश्र वाक्यं वापरता का. दुसरी म्हणजे अचूकता. 5 च्या बँडवर वाक्यांचे प्रकार मोजकेच असतात आणि मोठं वाक्य करायला गेलं की ते बिघडतं. 6 वर साधी आणि मिश्र दोन्ही वाक्यं येतात, चुका होतात, पण अर्थ सहसा अडत नाही. 7 वर बिनचूक वाक्यं वारंवार दिसली पाहिजेत.

या शेवटच्या अटीवर थोडं थांबू या. परीक्षक इथे संपूर्ण बिनचूक वाक्यं शोधत असतो. एका वाक्यात एक 'द' राहिला तरी ते वाक्य बिनचूक वाक्यांतून गेलं. माझ्या विद्यार्थिनीच्या निबंधात 18 वाक्यं होती आणि पूर्ण स्वच्छ होती फक्त 4. आम्ही मोजून पाहिलं, की फक्त आर्टिकलच्या 11 चुका नसत्या तर स्वच्छ वाक्यं 9 झाली असती. म्हणून सगळ्यात मोठा ढीग आधी उपसायचा. मोठा ढीग कमी झाला की पान सगळ्यात लवकर सुधारतं.

वाचन आणि श्रवणाच्या भागातही व्याकरण उपयोगी पडतं. गाळलेल्या जागेच्या आधी 'अ' असेल तर तिथे एकवचनी नाम येणार, हे उत्तर ऐकण्याआधीच कळतं. आणि उत्तर 'टिकेट्स' असताना 'टिकेट' लिहिलं तर गुण जातो.

पहिला ढीग: एक होता राजा

मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे आपल्याला त्याची जाणीवच नाही, असं म्हणतात. ते पूर्ण खरं नाही. लहानपणी ऐकलेली गोष्ट आठवा. एक होता राजा. त्या राजाला दोन राण्या. पहिल्या वाक्यात राजा ऐकणाऱ्याला नवीन आहे, म्हणून 'एक'. दुसऱ्या वाक्यात तो ओळखीचा झाला, म्हणून 'त्या'. 'अ' आणि 'द' यांचं मूळ काम हेच आहे. फरक इतकाच, की मराठीत हे 'एक' आणि 'तो' वाटलं तर लावायचे असतात आणि इंग्रजीत लावावेच लागतात.

एक छोटं उदाहरण जवळून पाहू. मराठीत आपण म्हणू, "मागच्या आठवड्यात बॅग घेतली. बॅग हलकी आहे, पण चेन कच्ची आहे." तिन्ही नामं मोकळी. इंग्रजीत ते असं होतं: "आय बॉट अ बॅग लास्ट वीक. द बॅग इज लाइट, बट द झिप इज वीक." पहिल्यांदा बॅग नवीन, म्हणून 'अ'. दुसऱ्यांदा ओळखीची, म्हणून 'द'. आणि चेन तर पहिल्यांदाच आली, मग 'द' का? कारण बॅगेला चेन असतेच. बॅग ओळखीची झाली की तिची चेनही ओळखीची झाली. ऐकणाऱ्याला 'कुठली?' असं विचारावं लागेल का, हा प्रश्न स्वतःला विचारायचा. विचारावं लागणार नसेल तर 'द'.

याच्या जोडीला तीन गोष्टी पक्क्या करा.

पहिली: मोजता येणारं एकवचनी नाम इंग्रजीत कधी उघडं ठेवायचं नाही. त्याच्या आधी 'अ', 'द', 'माय', 'धिस', काहीतरी हवंच. "ती नर्स आहे" यात मराठीला 'एक' लागत नाही, म्हणून आपण "शी इज नर्स" लिहून मोकळे होतो. हवं "शी इज अ नर्स". हे कटकटीचं वाटत असेल तर आपलं सामान्यरूप आठवा. 'घोडा'ला 'ला' लावताना आपण 'घोड्याला' म्हणतो. 'घोडाला' असं कुणी म्हटलं की कानाला लगेच खटकतं. बाहेरून येऊन मराठी शिकणारा माणूस तिथे वर्षभर अडखळतो. 'अ' राहिला की इंग्रजी कानाला तसंच खटकतं. आणि कानाची ही सवय सरावाने लागते.

दुसरी: सगळ्यांबद्दल बोलायचं असेल तर अनेकवचन आणि आधी काही नाही. "मुलांनी मोबाइल कमी वापरावा" याचं "द चिल्ड्रन शुड..." होत नाही, "चिल्ड्रन शुड..." होतं. 'द चिल्ड्रन' म्हटलं की वाचणारा विचारतो, कुठली मुलं? निबंधात सगळं बोलणं सर्वसाधारण असतं, त्यामुळे 'द पीपल', 'द सोसायटी', 'द नेचर' या चुका तिथेच जास्त होतात.

तिसरी: 'अ' की 'ॲन' हे उच्चारावरून ठरतं, स्पेलिंगवरून नाही. 'ॲन अवर', कारण 'एच' मुका आहे. 'अ युनिव्हर्सिटी', कारण सुरुवातीचा उच्चार 'य' आहे. 'ॲन एमए', कारण 'एम' म्हणताना तोंडातून आधी 'ए' निघतो.

आर्टिकलचा सराव नुसता नियम वाचून होत नाही. इंग्रजी वर्तमानपत्रातला एक परिच्छेद घ्या. तो वहीत उतरवताना सगळी आर्टिकल्स गाळा, त्यांच्या जागाही मोकळ्या सोडू नका. दुसऱ्या दिवशी मूळ न बघता ती परत भरा, मग ताडून पाहा. जिथे चुकलं तिथे एका ओळीत कारण लिहा. रोज एक परिच्छेद, 15 मिनिटं. दोन आठवड्यांत डोळा नामापाशी आपोआप थांबायला लागतो.

दुसरा ढीग: गेले होते

काळाच्या चुका बघताना मला नेहमी एकच वाक्य आठवतं. "मी काल पुण्याला गेले होते." मराठीत हे अगदी सरळ वाक्य आहे. गेले, काम झालं, परत आले, आता इथे मिरजेत बसून सांगते आहे, हे सगळं त्या 'होते'मध्ये आलं. आता हे शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेलं की होतं, "आय हॅड गॉन टु पुणे यस्टर्डे." आपल्या लिहिण्या-बोलण्यात ही चूक जागोजागी दिसते. इंग्रजीत इथे साधा भूतकाळ पुरतो: "आय वेंट टु पुणे यस्टर्डे."

मग 'हॅड' कधी? भूतकाळात दोन गोष्टी असतील आणि त्यांतली आधी घडलेली दाखवायची असेल तेव्हा. "मी स्टेशनवर पोहोचले तेव्हा गाडी सुटली होती." गाडी आधी सुटली, मी नंतर पोहोचले. "व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट." 'हॅड' लिहायच्या आधी दुसरी घटना कुठे आहे ते शोधा. सापडली नाही तर 'हॅड' खोडा.

दुसरं ठिकाण म्हणजे 'पासून'. "मी दहा वर्षांपासून इथे काम करते." मराठीत क्रियापद वर्तमानकाळातलं आहे, म्हणून आपण लिहितो, "आय वर्क हिअर सिन्स टेन यर्स." इंग्रजी मात्र मागे सुरू होऊन अजून चालू असलेल्या गोष्टीला वेगळं रूप देते: "आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टेन यर्स." आणि आपलं एक 'पासून' तिथे दोन शब्दांत वाटलं जातं. काळ मोजून सांगितला असेल तर 'फॉर': फॉर टेन यर्स, फॉर थ्री डेज. सुरुवातीची खूण सांगितली असेल तर 'सिन्स': सिन्स 2015, सिन्स मंडे.

तिसरं ठिकाण म्हणजे 'आहे'. "मी तो सिनेमा गेल्या वर्षी पाहिला आहे" हे मराठीत चालतं. इंग्रजीत 'हॅव सीन' आणि 'लास्ट यर' एका वाक्यात नांदत नाहीत. कधी ते सांगितलं की 'हॅव' निघून जातो: "आय सॉ दॅट फिल्म लास्ट यर." कधी ते सांगायचं नसेल, फक्त पाहिलाय एवढंच सांगायचं असेल, तर "आय हॅव सीन दॅट फिल्म." तसंच "मला माहीत आहे", "मला दोन बहिणी आहेत" यांतला 'आहे' आपल्याला 'एम'कडे ओढतो आणि "आय एम नोइंग", "आय एम हॅविंग टू सिस्टर्स" अशी वाक्यं तयार होतात. माहीत असणं, जवळ असणं, आवडणं, हवं असणं या स्थिती आहेत, चालू असलेल्या क्रिया नाहीत. त्यांना 'आयएनजी' लावायचं नाही: "आय नो", "आय हॅव टू सिस्टर्स".

ॲकॅडमिक परीक्षेत लिहिण्याचं पहिलं काम बहुधा आलेख किंवा तक्ता समजावून सांगण्याचं असतं. तिथे पेन उचलण्याआधी तक्त्यावरचं साल बघा. 1990 ते 2010 असेल तर संपूर्ण वर्णन भूतकाळात. साल दिलंच नसेल तर वर्तमानकाळात. पुढच्या वर्षांचे अंदाज असतील तर भविष्याच्या रचनेत. साल बघायला फक्त दहा सेकंद लागतात.

तिसरा ढीग: वर, शी, ला

प्रिपोझिशनच्या बहुतेक चुका म्हणजे आपल्याच प्रत्ययांचं आणि शब्दयोगी अव्ययांचं सरळ भाषांतर असतं. तो माझ्यावर रागावला, म्हणून 'अँग्री ऑन मी'; हवं 'अँग्री विथ मी'. तिने डॉक्टरशी लग्न केलं, म्हणून 'मॅरिड विथ'. हवं 'मॅरिड अ डॉक्टर' किंवा 'इज मॅरिड टु अ डॉक्टर'. ती गणितात हुशार, म्हणून 'गुड इन मॅथ्स'. परीक्षेत लिहा 'गुड ॲट मॅथ्स'. विषयावर चर्चा केली, म्हणून 'डिस्कस्ड ऑन' किंवा 'डिस्कस्ड अबाउट'. हवं नुसतं 'डिस्कस्ड द टॉपिक'.

सगळ्यात दमवतो तो 'ला'. पुण्याला पोहोचले, म्हणून 'रीच्ड टु पुणे'. इथे 'टु' नको. त्याला विचारलं, म्हणून 'आस्क्ड टु हिम', इथेही नको. मला समजावलं, म्हणून 'एक्स्प्लेन्ड मी'. आणि इथे मात्र 'टु' हवा, 'एक्स्प्लेन्ड इट टु मी'.

या ढिगासाठी मोठा नियम सांगता येत नाही, तो शोधण्यात वेळही घालवू नका. क्रियापद किंवा विशेषण पाठ करताना त्याचं प्रिपोझिशन त्याच्यासोबतच, एकच शब्द असल्यासारखं पाठ करा: डिपेंड ऑन, लिसन टु, कन्सिस्ट ऑफ, अफ्रेड ऑफ. रोज पाच जोड्या घ्या आणि प्रत्येक जोडीचं स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य मोठ्याने म्हणा. "आय लिसन टु माय पेशंट्स" हे वाक्य नर्सला जितकं लक्षात राहतं, तितकं पुस्तकातलं रेडिओ ऐकणाऱ्या टॉमचं वाक्य राहत नाही.

चौथा ढीग: बाबांचा 'एस'

तो जातो, ती जाते, ते जातात. मराठी क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं. भूतकाळात तर आंबा खाल्ला, पोळी खाल्ली असं कर्माप्रमाणेही बदलतं. एवढी वळणं सांभाळणाऱ्या माणसाला इंग्रजीतला एक 'एस' जड जायला नको. तरी तो राहतो. त्याचं एक कारण आपल्या आदरात आहे.

"माझे वडील बँकेत काम करतात." वडील एकच, पण आदरार्थी अनेकवचन. हेच वाक्य डोक्यात धरून मूल लिहितं, "माय फादर वर्क इन बँक." इंग्रजीत आदर क्रियापदाला लागत नाही. माणसं मोजायची. एक माणूस असेल आणि गोष्ट नेहमीची असेल तर 'वर्क्स': "माय फादर वर्क्स इन अ बँक." बोलण्याच्या परीक्षेत पहिल्या भागात घर, कुटुंब, काम यांवरचे प्रश्न हमखास असतात, तिथे आई-वडील आणि शिक्षक आले की या 'एस'कडे मुद्दाम लक्ष द्या.

मोजण्याच्या बाबतीत कुठे मराठी साथ देते, कुठे फसवते. 'माहिती' आपण मोजत नाही, 'खूप माहिती मिळाली' म्हणतो, आणि इंग्रजीतही 'इन्फॉर्मेशन'ला 'एस' लागत नाही. 'माझ्या मित्रांपैकी एक' यात मित्र अनेक आहेत, म्हणून 'वन ऑफ माय फ्रेंड्ज'. इथे मराठीवर डोळे मिटून विश्वास ठेवा. पण आपण 'बातम्या आहेत' म्हणतो आणि इंग्रजीत 'द न्यूज इज'. आपले 'केस लांब आहेत', त्यांचं 'हेअर इज लाँग'. आपण 'सल्ले' देतो, त्यांचा 'ॲडव्हाइस' कितीही दिला तरी एकवचनी. नेहमी लागणारे असे शब्द पंधरा-वीसच आहेत, एका कागदावर लिहून आरशाला चिकटवा.

पाचवा ढीग: मोठं वाक्य

विविधतेचे गुण मिश्र वाक्यांना असतात, म्हणून ती टाळून चालत नाही. मराठीत मिश्र वाक्याच्या जोड्या असतात: जो–तो, जरी–तरी, जर–तर. इंग्रजीत बहुधा जोडीतला एकच शब्द येतो. "जी मुलगी काल आली होती ती माझी बहीण आहे" याचं आपण करतो, "द गर्ल हू केम यस्टर्डे शी इज माय सिस्टर." यातली 'शी' म्हणजे आपली 'ती'. ती काढा: "द गर्ल हू केम यस्टर्डे इज माय सिस्टर." तसंच 'ऑल्दो' लिहिलं की 'बट' लिहायचं नाही, कारण 'जरी'सोबतचा 'तरी' इंग्रजीत नसतो.

'जर–तर'मध्ये आणखी एक खाच आहे. "उद्या पाऊस आला तर मी येणार नाही" यात मराठीने पुढच्या गोष्टीसाठी 'आला' वापरलं. इंग्रजी अशा वेळी वर्तमानकाळ वापरते: "इफ इट रेन्स टुमॉरो, आय वोंट कम." वाक्याच्या 'इफ'वाल्या भागात 'विल' घालायचा नाही.

आणि प्रश्न वाक्याच्या पोटात गेला की सरळ होतो. "तो कुठे राहतो?" आणि "तो कुठे राहतो ते मला माहीत नाही", मराठीत शब्दांचा क्रम दोन्हीकडे तोच आहे. इंग्रजीत एकटा प्रश्न "व्हेअर डझ ही लिव्ह?", पण पोटात गेल्यावर "आय डोंट नो व्हेअर ही लिव्ज." प्रश्न कसा करायचा हे शाळेत इतकं घोटून घेतलेलं असतं की 'डझ' इथेही शिरतो. अशा वेळी मराठी वाक्य आठवा, क्रम सरळ ठेवा.

सराव कसा करायचा

पुस्तक कोणतं, हा प्रश्न सगळे आधी विचारतात. रेमंड मर्फी यांचं 'इंग्लिश ग्रामर इन यूज' 1985 मध्ये आलं आणि आजही ते या तयारीसाठी उत्तम आहे. डाव्या पानावर समजावलेलं, उजव्या पानावर त्याचाच सराव, मागे उत्तरं. ते जड वाटलं तर त्याच लेखकाचं लाल मुखपृष्ठाचं 'इसेन्शियल ग्रामर इन यूज' आधी घ्या. 'इंग्लिश ग्रामर इन यूज'मध्ये 145 पाठ आहेत आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीने करण्यासाठी नाहीतच. कुठले पाठ तुम्हाला लागतील हे शोधायला मागे प्रश्नावली दिली आहे, ती आधी सोडवा. आपल्या ढिगांशी जुळणारे तीस-चाळीस पाठ निघतील. तेवढे नीट करा.

पण पुस्तकाहून मोठं साधन म्हणजे चुकांची वही. तिच्यात तीन रकाने आखा. पहिल्यात मी काय लिहिलं, दुसऱ्यात काय हवं होतं. हे दोन रकाने बहुतेक जण करतात. तिसऱ्या रकान्यात लिहायचं, ही चूक कुठल्या मराठी वाक्यातून आली. "आय हॅड गॉन", "आय वेंट", आणि तिसऱ्यात "मी काल गेले होते". "माय फादर वर्क", "माय फादर वर्क्स", आणि तिसऱ्यात "वडील काम करतात".

इंग्रजीत बोलायचं तर विचारही इंग्रजीतच करा, असं मुलांना सारखं सांगितलं जातं. सल्ला चांगला आहे, पण तो शेवटच्या पायरीचा आहे. डोक्यातलं मराठी वाक्य आधी दिसलं पाहिजे, तरच ते बाजूला ठेवता येतं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या मराठी आणि इंग्रजी वाक्य शेजारी ठेवूनच. तिसरा रकाना तेच करतो, फक्त वाक्यं तुमची असतात.

सहा आठवड्यांचा आराखडा असा ठेवता येईल. पहिल्या दिवशी तयारी न करता 40 मिनिटांत 250 शब्दांचा निबंध लिहा. जाणत्या माणसाकडून तपासून घ्या आणि चुकांचे ढीग करा. पहिले दोन आठवडे सगळ्यात मोठ्या ढिगाला द्या, पुढचे तीन आठवडे बाकीच्यांना, शेवटचा आठवडा सगळं एकत्र. रोजचा वेळ पाऊण तास: 20 मिनिटं पुस्तकातला पाठ, 15 मिनिटं स्वतःची वाक्यं, 10 मिनिटं मोठ्याने बोलणं. दर रविवारी एक निबंध वेळ लावून लिहा आणि त्यातली स्वच्छ वाक्यं मोजा. चुका मोजण्यापेक्षा स्वच्छ वाक्यं मोजली की परीक्षक काय बघतो ते डोळ्यासमोर राहतं आणि हुरूपही येतो.

परीक्षेत लिहून झाल्यावर 4 मिनिटं राखा. त्या वेळात सगळं एकदम तपासू नका, डोळा अर्थाबरोबर वाहत जातो आणि चुका सुटतात. पहिल्या फेरीत फक्त क्रियापदं बघा. दुसऱ्या फेरीत फक्त नामं, आणि प्रत्येक नामाच्या आधी काय आहे ते. दोन फेऱ्यांत तुमचे दोन मोठे ढीग तपासून होतात.

बोलण्याच्या परीक्षेला 11 ते 14 मिनिटं मिळतात आणि मागे जाऊन खोडता येत नाही. दुसऱ्या भागात एक कार्ड देतात, 1 मिनिट विचार करायला आणि त्यावर 2 मिनिटांपर्यंत बोलायचं. घरी हेच मोबाइलवर रेकॉर्ड करा, मग ऐकत ऐकत जसंच्या तसं लिहून काढा. स्वतःचं बोलणं कागदावर आलं की चुका लख्ख दिसतात. परीक्षेत चूक लक्षात आली तर एकदा दुरुस्त करा आणि पुढे जा. प्रत्येक वाक्यात मागे वळलात तर बोलण्याचा ओघ तुटतो, आणि ओघाचा निकष वेगळा आहे.

त्या मुलीने सहा आठवडे वही नेमाने भरली. सहाव्या रविवारच्या निबंधात 19 वाक्यं होती, त्यांतली 12 स्वच्छ. पण तिने मला आधी दाखवला तो तिसरा रकाना. त्यात ओळीने आईची, वॉर्डातली, बसमधली वाक्यं होती: दहा वर्षांपासून करते, माझ्यावर रागावले, जरी आली तरी. "मॅडम, ही वाक्यं मी रोज बोलते," ती म्हणाली, "आणि 'गेले' आणि 'गेले होते' यात फरक आहे, हे मला आत्ता कळलं." मग तिने वही उघडीच ठेवली, नवीन पान काढलं आणि पट्टीने तीन रकाने आखायला घेतले.